बिनरोलचे फोटो

भुतेकर सरांनी आष्टीतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा फोटो काढला होता, आणि त्यांतला एकही फोटो या जगात नव्हता.

हे कुणाला सांगितलं की लोक हळहळतात. म्हणतात, पावसात भिजले असतील, नाहीतर वाळवी लागली असेल. तसं काही झालेलं नाही. ते फोटो कधी निघालेच नव्हते, कारण सरांच्या कॅमेऱ्यात रोलच नसायचा. पण रोल नसताना हा माणूस ज्या जिवाच्या आकांताने फोटो काढायचा, तसं मी रोल असलेल्या कुणालाही काढताना पाहिलेलं नाही.

सर आमच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. मी विज्ञान शिकवायला नाशिकहून आष्टीला आले ती मोठा दुष्काळ संपला त्याच्या पुढच्या वर्षी. माझी पहिलीच नोकरी. भाड्याची खोली मिळाली तीही सरांच्या भिंतीला भिंत लागून. सर उंच, काटक, चालले तरी कुणीतरी 'एक दोन, एक दोन' म्हणतंय असं वाटायचं. गळ्यात कायम शिट्टी. ती ते झोपतानासुद्धा काढत नाहीत, असं गावात म्हणत. अनसावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हे साफ खोटं असल्याचं मला सांगितलं. झोपताना ते ती उशाखाली ठेवत.

कॅमेरा म्हणजे एक काळा डबा होता. तो पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं आणि बाजूचा खटका दाबायचा. डब्याच्या पाठीला एक बारकी लाल काच होती. आत रोल असला की त्या काचेत फोटोचा आकडा दिसे, नसला की नुसता अंधार. जुन्या जालन्यात हबीबभाईंचा फोटो स्टुडिओ होता, त्यांच्याकडून सरांनी तो जुना डबा घेतला होता. हबीबभाईंनी देताना बजावलं होतं, "गुरुजी, पहले हाथ बैठने दो, रोल की बात बाद में." हे वाक्य सरांनी गुरुमंत्रासारखं घेतलं. माणसाला एखादी गोष्ट पटावी तरी किती, याला काही मर्यादा असते. सरांना नव्हती.

फोटो काढण्याची त्यांची एक रीत होती. आधी शिट्टी. मग "सावधान!" मग "श्वास आत... धरा..." मग खट्. आणि मग "सोडा!" या शेवटच्या 'सोडा'ला फार महत्त्व होतं. कारण कधीकधी सर उजेडाचा विचार करता करता ते म्हणायलाच विसरत आणि समोरचा माणूस श्वास कोंडून लालबुंद होऊन उभा राही. आमचे हेडमास्तर एकदा असेच जांभळे पडले आणि शेवटी स्वतःच "सोडा!" म्हणून खुर्चीत बसले.

मी आले त्या आठवड्यातच सरांनी माझा फोटो काढला. मी ठेवणीतली साडी नेसले होते. पंधरा दिवसांनी विचारलं, "सर, फोटो कधी मिळेल?"

"बाई, हात बसून राह्यला अजून. जल्दी करू नका."

मी जल्दी केली नाही. गावात कुणीच केली नाही. सगळ्यांना वाटे, फोटो जालन्याला धुवायला गेलेत आणि जालन्याची कामं अशीच रेंगाळतात. सर खोटं कधी बोलत नसत. पण विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत. आणि नेमका प्रश्न अख्ख्या गावात एकट्या अनसावहिनींना सुचला होता.

त्याचं कारण त्यांच्या ओसरीवर होतं. भिंतीवर एक चौकट टांगलेली होती, तोंड भिंतीकडे आणि पाठ माणसांकडे. एकदा वहिनी ज्वारी निवडत बसल्या होत्या, मी न राहवून ती चौकट वळवली. लग्नाचा फोटो. हबीबभाईंच्या वडिलांनी काढलेला. तरुण भुतेकर सर सावधानमध्ये उभे, शेजारी खुर्चीवर शालू नेसलेली नवरी, आणि नवरीचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले.

"तवा उजेडासाठी भडका उडवून फोटो काढायचे, बाई," वहिनी म्हणाल्या. "म्या काय असलं कधी बघितल्तं? नणंद गावभर सांगत सुटली, नवरी बसल्या जागी झोपल्ती म्हून. तवापासून क्यामेरा दिसला का माजे डोळे बंद. म्या मिटत न्हाई बरं का. आपोआप मिटत्यात." आणि त्यांनी चौकट पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवली.

सरांची बाजू मला काही दिवसांनी कळली. शाळा सुटल्यावर मैदानात चुन्याच्या रेघा आखता आखता ते एकदम म्हणाले, "आमाला लेकरू न्हाई, बाई. लोकांच्या बायका पोरीच्या तोंडावर दिसत्यात, नातवाच्या नाकावर दिसत्यात. हिचं तोंड आमच्या मागं कोणाच्याच तोंडावर दिसणार न्हाई. म्हून एक फोटो पायजे. एकच. पर डोळे उघडे." आणि रेघ सरळ आली की नाही ते वाकून बघू लागले.

तर सगळा खटाटोप एवढ्यासाठी होता. रोलमध्ये फोटो बाराच, रोल महाग, आणि वहिनींचे डोळे विजेच्या वेगाने मिटणारे. तेव्हा हात त्यांच्याहून चपळ झाला पाहिजे. सरांचं गणित सोपं होतं. "नेम बसल्याबिगर गोळी वाया घालायची न्हाई."

मग सराव सुरू झाला. दर सोमवारी प्रार्थना संपली की सर मला त्या हप्त्याचा धडा सांगत. हे सगळे धडे त्यांचे त्यांनीच ठरवलेले. शिकवणारे तेच, शिकणारे तेच आणि नापास करणारेही तेच. एकेका धड्याला ते स्वतःला दोन-दोनदा बसवत.

"ह्या हप्त्यात निस्त्या पाठी," एका सोमवारी त्यांनी जाहीर केलं. "माणूस तोंडानं लपवाछपवी करतो. पाठीला ते जमत न्हाई. अन् माणूस वळणार कधी, ते पाठीवर आधी कळतंय." मग आठवडाभर सर गावाच्या मागे. पोस्टमन सायकलवर पुढे आणि सर तोंडात शिट्टी धरून मागे पळतायत, हे दृश्य आष्टीने रोज पाहिलं. पोस्टमनला वाटलं, आपण काहीतरी टाकायचं विसरलो. तो थांबून वळला की सर ओरडत, "वळू नका! बिलकुल वळू नका!" हेडमास्तरांच्या कोटाला पाठीमागे एक ठिगळ होतं. ते त्या आठवड्यात फळ्याकडे तोंड करीनासे झाले. दहावीचं गणित आठवडाभर तोंडी झालं.

त्यानंतर सावल्या आल्या. आठवडी बाजारात सर एका कांदेवाल्यापुढे उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "मामा, तुमी जरा बाजूला व्हा. सावली राहू द्या."

मामा भला माणूस. उठला, दोन पावलं सरकला आणि खाली बघतो तर सावली त्याच्याबरोबर आलेली. "ही बी येऊन राह्यली ना, सर!" तो ओशाळून म्हणाला. मग दोघांनी मिळून तिला तिथेच बसवायचे पुष्कळ प्रयत्न केले. मामा उडी मारून बाजूला झाला, गुपचूप सरकला, एकदा तर पोत्यामागे लपला. गिऱ्हाइकं कांदे सोडून हेच बघत उभी राहिली. शेवटी मामा वैतागून म्हणाला, "लई चिकट हाय ओ. बायकोसंगं आल्ती वाटतं हुंड्यात."

पण सगळ्यांवर कळस केला तो कोंडिबाच्या म्हशीने. कोंडिबाची पिठाची गिरणी होती आणि चंद्री नावाची म्हैस. त्या हप्त्यात धडा होता, हलती वस्तू थांबवणे. सरांनी चंद्रीसमोर उभं राहून शिट्टी फुंकली आणि मैदानी आवाजात आरोळी दिली, "सावधान!"

चंद्री थांबली. मान वर, कान ताठ, शेपूट सरळ. शाळेतली पोरं इतकी चांगली कधी उभी राहत नसत. सरांनी खट् केलं, "सोडा" म्हणाले, आणि समाधानाने घरी गेले. म्हैस मात्र तशीच. कोंडिबाने दावं ओढलं, ढकललं, पुढे पेंड ठेवली. चंद्री सावधानच. दिवस कलायला लागला तसा कोंडिबा धापा टाकत आमच्याकडे आला. "सर, तुमी जल्दी चला. दूध काढायची येळ झाली, ती कोणाला जवळ येऊ देईना." सर गेले, समोर उभे राहिले, शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "विसर्जन!" चंद्री डुलत डुलत गोठ्यात गेली. पुढे कितीतरी दिवस कोंडिबा गिरणीवर येणाऱ्याला सांगत होता की आपली म्हैस शिकलेली आहे.

हसण्याचाही एक हप्ता होता, पण तो फसला. लोकांना हसवायला सरांना एकच विनोद येत होता. त्यात एक लंगडा घोडा होता एवढंच मी सांगू शकते, कारण घोडा दाराशी आला की सर स्वतःच हसू लागत आणि पुढचं कधी कुणाला कळलं नाही. हसणाऱ्या सरांकडे बघून लोक हसत, पण तोवर सरांचे हात इतके हलत की खटका सापडत नसे. त्या हप्त्यात त्यांनी स्वतःला तिसऱ्यांदा बसवलं.

आणि रविवार मात्र वहिनींचा. जेवणं झाली की वहिनी ओसरीच्या उंबऱ्यात काहीतरी निवडत नाहीतर शिवत बसत, सर डबा घेऊन समोर येत, आणि वहिनी मान वर न करता विचारत, "रोल हाय का?"

"न्हाई."

झालं. वहिनी खुलत. मी माझ्या दारातून कितीतरी रविवार हे बघितलं आहे. त्या बोलायच्या, हसायच्या, कुणाच्या सुनेची नक्कल करायच्या, केस मागे सारून सरांकडे अशा बघायच्या की मीच नजर फिरवावी. वर हुकूमही सोडायच्या. "तिकडं अंधार हाय. इकडून काढा." सर खट् खट् करत इकडून तिकडे. आणि सोमवारी शाळेत जाताना मला एकेका फोटोचं वर्णन. "काल एक बराबर आल्ता, बाई. गालाला पीठ लागल्तं, अन् उजेड बी नेमका तितंच. पर पोळ्याचा तो हिरव्या लुगड्यातला, त्याला तोड न्हाई." जणू ते फोटो घरी पेटीत नीट मांडून ठेवलेले आहेत.

मी एकदा म्हटलं, "सर, सोपं आहे. रोल घाला आणि वहिनींनी विचारलं तर नाही म्हणून सांगा."

सर थांबले. या माणसाने परतूरच्या तालुका स्पर्धेत आपल्याच शाळेच्या पोराचा पाय लांब उडीत रेघेला लागल्याचं पंचांना स्वतः जाऊन सांगितलं होतं, आणि ढाल हातातून घालवली होती. हेडमास्तर त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

"बाई," ते म्हणाले, "ती मला इचारती, म्हंजी माझ्यावर भरोसा ठेवती. म्या न्हाई म्हणलं का ती डोळे उघडती. त्या भरोशावरच फोटो मारू?"



गावाला रोलची बातमी लागली ती कोंडिबामुळे. त्याच्या सासुरवाडीच्या पाहुण्याला शिकलेल्या म्हशीचा फोटो बघायचा होता. कोंडिबा शाळेत आला आणि त्याने, बहुधा चुकून, बरोबर प्रश्न विचारला. "सर, म्हशीचा रोल कोणाकडं धुवायला देला?"

"रोल न्हवताच," सर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत शाळेच्या मैदानात निम्मं गाव जमलं. काय एकेकाचा संताप! एका म्हाताऱ्याने फोटोसाठी लग्नातला कोट घातला होता आणि तो उसवला होता. दोन जावांनी एकाच नथीवरून भांडण केलं होतं. कोंडिबाने म्हैस साबणाने धुतली होती. "आमाला फुकटच उभं केलं," सगळ्यांचं म्हणणं. "श्वास धरून धरून छातीत कळा आल्त्या आमच्या!"

सरांनी शिट्टी वाजवली. गाव सवयीने सावधान झालं.

"पलटणीत नवीन शिपायाला आधी निस्ती बंदूक देत्यात," सर म्हणाले. "गोळी कोठीत. नेम बसला का मंग गोळी. तसा म्या तुमच्यावर बिनगोळीचा नेम धरून राह्यलो."

हे ऐकून गाव शांत होईल असं त्यांना का वाटलं देव जाणे. गलका दुप्पट झाला. तेव्हा अनसावहिनी पुढे आल्या. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाल्या, "त्यांच्यावर कावू नका. ते माझ्या डोळ्यापायी चाललंय सगळं." आणि लग्नातल्या फोटोपासून सगळं सांगितलं. चारचौघांत त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

लोक खाली बघू लागले. मग कोंडिबाने घसा खाकरून हळूच विचारलं, "ते समदं खरं, सर. पर... म्हशीचा चांगला आल्ता का?"

"एकदम बराबर," सर म्हणाले. "कान ताठ आल्ते."

"मंग झालं," कोंडिबा म्हणाला, आणि तक्रार मिटली.

उलट त्यानंतर बिनरोलच्या फोटोंना भाव आला. खर्च नाही, वाट बघणं नाही, आणि नटायला मिळतं. लग्नं ठरली, पोरं पास झाली, कुणी बैल घेतला, की लोक दारात हजर. "सर, एक बिनरोलचा काढा की." सर सगळ्यांचे काढत, आणि लोक नंतर विचारून जात, कसा आल्ता म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत सर जालन्याहून रोल घेऊन आले. हबीबभाईंनी त्यांचा उजवा हात हातात घेऊन नाडी बघितल्यासारखा तपासला होता आणि निकाल दिला होता, "अब बैठ गया, गुरुजी. डालो रोल."

बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. वहिनी उंबऱ्यात बसल्या. सर समोर आले.

"रोल हाय का?"

"हाय."

कॅमेरा अजून पिशवीत होता, तरी वहिनींचे डोळे मिटले.

पुढच्या तासाभरात त्या अंगणात जे झालं त्याला सर्कस म्हणावं. सरांनी शिट्टी वाजवली, शिट्टी न वाजवता काढला, उकिडवं बसून काढला, 'तीन'ला दाबतो सांगून 'दोन'ला दाबला. डोळे बंदच. विज्ञानाची बाई म्हणून मी सल्ला दिला की कुठलाही माणूस फार वेळ डोळे मिटून बसू शकत नाही, तेव्हा वाट बघावी. आम्ही वाट बघितली. वहिनींनी तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनी पाटीभर शेंगा सोलल्या, आणि एकही टरफल शेंगदाण्यात पडू दिलं नाही. हेडमास्तरांनी एक आर्या म्हटली. सरांनी लंगडा घोडा दारापर्यंत आणला. वहिनी पोट धरून हसल्या, डोळे मिटून. कोंडिबाने चंद्रीला आणून उभं केलं, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नाही. मग मागून कुणीतरी "साप! साप!" म्हणून ओरडलं. अख्खं गाव कुंपणावर चढलं, हेडमास्तर पाण्याच्या टाकीवर. वहिनी डोळे मिटूनच उठल्या, बरोबर दोन पायऱ्या मोजल्या, आणि ओट्यावर जाऊन बसल्या. जागची हलली नाही ती एकटी चंद्री, कारण ती आल्यावर सरांनी पुन्हा एकदा शिट्टी वाजवली होती.

आणि प्रत्येक वेळी खट्. सर एकेक फोटो पुढे सरकवत होते आणि त्यांचा चेहरा हरत चाललेल्या कबड्डीच्या संघासारखा होत होता. लाल काचेत बाराचा आकडा आला तेव्हा ते इतकंच म्हणाले, "शेवटचा हाय."

अगदी हळू म्हणाले. पण वहिनींनी तो आवाज ऐकला. त्या ओट्यावरून उतरल्या, चाचपत उंबऱ्यात येऊन बसल्या, पदराने तोंड पुसलं.

"जल्दी करा मंग," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे उघडले.

उघडले म्हणजे सताड उघडले. पापणी लवेना. पाणी आलं, गालावरून वाहायला लागलं, हनुवटी थरथरायला लागली, तरी लवेना. अंगणात चिटपाखरू हलत नव्हतं. सरांनी शिट्टी वाजवली नाही, सावधान म्हणाले नाहीत, काहीच म्हणाले नाहीत. खट्.

सगळे तसेच उभे. सरही डबा धरून तसेच. शेवटी वहिनीच कशाबशा बोलल्या, "सोडा म्हणा की ओ! मरते का आता?"

"सोडा!" सर ओरडले, आणि गावाने असा जल्लोष केला की चंद्री दावं तोडून पळाली.

फोटो धुऊन आला. हबीबभाईंचा निरोप होता, "गुरुजी, आँखें तो खुली हैं. अब बंद होंगी के नहीं, अल्ला जाने." वहिनी फोटोत अशा बघत होत्या की समोरच्या माणसाने आपणहून गुन्हा कबूल करावा. "पोलीस पाटील दिसल्यावानी," कोंडिबा म्हणाला. वहिनी तर फोटो बघून लोळून हसल्या. सरांनी तो चौकटीत बसवून लग्नाच्या फोटोशेजारी लावला, आणि लग्नाचा फोटोही आता माणसांकडे वळवला. एकात डोळे पार मिटलेले, दुसऱ्यात नको इतके उघडलेले. सरासरी काढली तर बरोबर येत होतं.

"जमलं की, सर," मी म्हटलं.

"जमलं," ते म्हणाले. ते चौकटीकडे बघत राहिले. "नाक बराबर हाय, डोळे बराबर हायेत. तिनं लई सोसलं त्या फोटोसाठी." मग जरा थांबून म्हणाले, "पर बाई, ही ती न्हाई."

पुढच्या रविवारी ते पुन्हा डबा घेऊन समोर बसले. "रोल हाय का?" "न्हाई." आणि वहिनी हसल्या. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी दारातून हललेच नाही.

मग माझी बदली जालन्याला झाली. आष्टी सुटली ती सुटलीच. दोनतीन वर्षांनी कोंडिबा मोंढ्यात भेटला, त्याच्याकडून कळलं की अनसावहिनी पावसाळ्यात काविळीने गेल्या. सर शाळेत जातात, ड्रिल घेतात, कुणाशी फार बोलत नाहीत. फोटो काढत नाहीत, असंही तो म्हणाला.

मी त्याच आठवड्यात निघाले. जाताना हबीबभाईंकडून एक रोल घेतला. मनाशी ठरवलं होतं की सरांना पुन्हा कामाला लावायचं.

सरांनी स्वतः चहा केला. ओसरी झाडलेली होती, दोन्ही चौकटी जागेवर होत्या, आणि खाली कोनाड्यात तो काळा डबा. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. मी रोल पुढे ठेवला आणि भराभरा बोलू लागले. म्हटलं, सर, आता हात बसलाय, आपण यात रोल घालू आणि गावातले सगळे बिनरोलचे फोटो पुन्हा काढू, यावेळी खरे. कोंडिबा तर म्हशीला न्हाऊ घालायला तयारच आहे.

सर थोडं हसले. कल्पना त्यांना आवडली असावी. त्यांनी डबा कोनाड्यातून काढून मांडीवर घेतला, धोतराच्या सोग्याने लाल काच पुसली.

"काढू की," ते म्हणाले. "पर त्याला दुसरा डबा घेऊ. हबीबभाईकडं असंल एखादा."

"का? हा बिघडलाय का?"

"बिघडला न्हाई." ते उंबऱ्याकडे बघत होते. "ह्याच्यात जागा न्हाई, बाई."

लाल काचेत आकडा नव्हता. नुसता अंधार होता. पोळ्याचं हिरवं लुगडं, गालावरचं पीठ, तो प्रत्येक रविवार मला आठवला. मला रडू फुटलं. इतक्या वर्षांनी माणसाचं सांत्वन करायला जावं आणि आपणच रडत बसावं, याची मला लाज वाटली, पण थांबता येईना.

"श्वास आत, बाई," सर हळूच म्हणाले.

मी श्वास आत घेतला. त्यांनीही घेतला.

"धरा."

आम्ही दोघं त्या उंबऱ्याकडे बघत बसून राहिलो. बराच वेळ सर 'सोडा' म्हणाले नाहीत.